हरणाऱ्याचं पुढचं वर्ष

एखादी स्पर्धा बंद पडते तेव्हा नेमकं कोणाचं काय जातं? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. गिरणी बंद पडली तर चुली विझतात, शाळा बंद पडली तर मुलं घरी बसतात. स्पर्धा बंद पडली तर फार तर मैदानावर गवत वाढतं. तरीही मला हा प्रश्न नैतिक वाटतो. कोणीतरी कोणालातरी दिलेला शब्द त्यात मोडलेला असतो, अशी माझी समजूत आहे.

मी राहतो त्या मालवणच्या किनाऱ्यावर फुटबॉल तसा पाहुणाच. त्याचं राज्य पलीकडे गोव्यात. आमच्याकडे कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. भातकापणी झाली की मळे मोकळे होतात आणि वाडीवाडीची मंडळं स्पर्धा भरवतात. मे महिन्यात चाकरमानी आले की आणखी भरवतात. हरलेल्या संघाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "फुडच्या वर्साक बगूया." एवढं बोलून मंडळी बॅटी उचलतात आणि घरची वाट धरतात. ज्या मुलखात गणपतीला निरोप देतानाही पुढच्या वर्षाचं आमंत्रण देतात, तिथे हे वाक्य कोणाला वेगळं वाटत नाही.

पण त्याचा अर्थ नीट पाहायला हवा. सोळा संघ उतरले तर पंधरा हरणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. म्हणजे कोणतीही स्पर्धा ही मुख्यतः हरणाऱ्यांची असते. त्यांनी वर्गणी काढायची, टेम्पो करून यायचं, उन्हात धावायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं. हे त्यांनी का करावं? कारण जिंकणाऱ्याला चषक मिळतो, तसं हरणाऱ्याला पुढचं वर्ष मिळतं. आयोजकाने न बोलता दिलेलं ते वचन असतं. त्याच्या जोरावर हार सोसता येते.

मुंबईच्या रोव्हर्स कपकडे पाहिलं की हे स्पष्ट दिसतं. १८९१ साली ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढची कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींच्याच हाती फिरत राहिला. १९२३ साली कोलकात्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने पलटणींची ही मक्तेदारी मोडली. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलिसांनी सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं चषक जिंकला. आणि १९५५ मध्ये तो पहिल्यांदा मोहन बागानकडे गेला. पहिल्या अंतिम सामन्यातली हार ते पहिला विजय, मध्ये बत्तीस वर्षं.

समजा, ही स्पर्धा १९३० साली बंद पडली असती. रेजिमेंटांचं काहीच बिघडलं नसतं. त्यांची नावं चषकावर कोरली गेलीच होती. १९२३ ची ती हार मात्र रोव्हर्सच्या इतिहासातलं मोहन बागानचं शेवटचं वाक्य ठरली असती. म्हणून मला वाटतं, स्पर्धा बंद होते तेव्हा जिंकलेल्यांचं काही जात नाही. हरलेल्यांची हार तेवढी कायमची होते.

रोव्हर्स कप शेवटचा खेळला गेला तो २०००-०१ च्या हंगामात. योगायोग असा, की त्याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, प्रशांत महासागरात, आणखी एक फुटबॉल स्पर्धा संपली. तिचं नाव पॉलिनेशिया कप. ताहिती, कुक बेटं, सामोआ, टोंगा, अमेरिकन सामोआ हे तिथले संघ. यातल्या काहींची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी. १९९० च्या दशकात सुरू झालेली ही स्पर्धा तीनदाच झाली आणि तिन्ही वेळा ताहिती जिंकली. बाकीच्यांचं पुढचं वर्ष २००० नंतर आलंच नाही.

एप्रिल २००१ मध्ये, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, अमेरिकन सामोआची गाठ थेट ऑस्ट्रेलियाशी पडली. पासपोर्टच्या अडचणींमुळे त्यांचे नेहमीचे बहुतेक खेळाडू येऊ शकले नव्हते; संघात शाळकरी वयाची पोरंही होती. निकाल ३१-०. आर्ची थॉम्पसन या एकट्या खेळाडूने तेरा गोल केले. सगळं जग हसलं. पण त्या मैदानावर काय घडलं? तिथे हारही धड झाली नाही असं मला वाटतं, कारण जिथे जिंकण्याची शक्यता विचारातसुद्धा येत नाही, तिथे "फुडच्या वर्साक बगूया" म्हणायची सोय नसते.

यावर पहिला आक्षेप माझाच मी घेतो. खेळ खेळण्यासाठी असतो. निकालावर डोळा ठेवणारा खेळाडू कच्चा. फळाची आशा न धरता कर्म करावं, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं. ठीक आहे. पण ही शिकवण खेळणाऱ्यासाठी आहे. आयोजकाने तिचा आधार घेऊन "तुम्हाला चषक कशाला हवा, खेळलात ना?" असं म्हणणं लबाडीचं आहे. निष्काम असणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या वाटणीची आशा काढून घ्यायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही स्पर्धा बंद पडायलाच हव्या असतात. मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा घ्या. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'रेस्ट' अशी धर्मावर केलेली संघांची वाटणी. गांधीजींनी १९४० मध्ये तिला उघड विरोध केला, वर्तमानपत्रांतून कडाक्याचे वाद झाले, आणि १९४६ मध्ये ती संपली. तिथेही हरणारे होतेच. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे 'रेस्ट'कडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी तीनशे धावांची भागीदारी केली, त्यात विवेक यांच्या धावा २१. एवढं करूनही 'रेस्ट' हरला, आणि पंचरंगी त्याने कधीच जिंकली नाही. माझ्या हिशेबाने त्यांच्यावरही अन्याय झाला का?

नाही, असं मी म्हणेन. आणि त्याचं कारण पुढच्याच हंगामात सापडतं. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोदा जिंकला. पंचरंगीच्या हिशेबात हे दोघे एका संघात येऊच शकले नसते. एक दार बंद झालं तेव्हा दुसरं, अधिक रुंद दार उघडं होतं. हरणाऱ्याचं पुढचं वर्ष त्या दाराने आलं.

पॉलिनेशियातही असं दार उघडलं, पण उशिरा. त्या ३१-० नंतर ओशनियातल्या छोट्या संघांसाठी आधी वेगळी प्राथमिक फेरी ठेवण्याची पद्धत आली. २०११ साली सामोआतल्या आपियामध्ये सामोआ, टोंगा, कुक बेटं आणि अमेरिकन सामोआ पुन्हा आपसांत भिडले. जवळजवळ तोच जुना गोतावळा, नाव तेवढं नवं. अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ हरवलं. अधिकृत सामन्यातला त्यांचा तो पहिला विजय. गोलरक्षक होता निकी सालापू. दहा वर्षांपूर्वी एकतीस गोल खाल्लेला तोच.

म्हणून स्पर्धा कधीच बंद करू नये, असं माझं म्हणणं नाही. माणसं थकतात, पैसा आटतो, मैदानं विकली जातात. आमच्या भागातल्या कितीतरी स्पर्धा पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला कामाला गेली म्हणून थांबल्या. त्यात कोणाचा दोष शोधायचा? खटकतं ते थांबण्याच्या रीतीत. "यंदा जमत नाही" एवढंच सांगितलं जातं, पुढच्या वर्षीही तेच, मग कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. पंचरंगी निदान भांडून, कारणं देऊन संपली. बाकीच्या बहुतेक स्पर्धांना शेवटचं वर्ष असतं, पण ते शेवटचं आहे हे खेळणाऱ्याला माहीत नसतं.

भरवणाऱ्याकडून माझी अपेक्षा एवढीच: बंद करायचं ठरलं असेल तर शेवटच्या खेपेला, पहिला चेंडू पडायच्या आधी, लाउडस्पीकरवरून तसं सांगावं. मग हरणारा संघ परतताना पुढच्या वर्षाच्या गोष्टी करणार नाही. कदाचित मैदानावर थोडा जास्त वेळ रेंगाळेल.