आउटलायर म्हणे!

उभ्यानेच ऐक. तुझा अहवाल वाचला. आधी वाटलं, एखादं पान गळलंय. कारधा पुलाजवळचे वैनगंगेचे तीस वर्षांचे वार्षिक कमाल विसर्ग, आणि तक्त्यात २०२० सालच नाही! खाली बारीक अक्षरात, ‘आउटलायर म्हणून वगळले.’

कुणाला विचारून वगळलंस? ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडावे लागले, भंडाऱ्यातल्या वस्त्यांत पाणी शिरलं. इथलाच ना रे तू? नोंद चुकली, मोजपट्टी वाहून गेली, असं काही असतं तर पुरावा आण, मी ऐकून घेतो. पण तू आकडा काढलास तो आलेखावरच्या रेषेत बसत नव्हता म्हणून. तू वापरलंस ते सूत्र गुंबेलने मांडलं टोकाच्या घटनांसाठी, आणि तू टोकच छाटलंस!

त्याने झालं काय, तेही बघ. सरासरी खाली आली, प्रमाण विचलनही खाली आलं. शंभर वर्षांच्या पुरासाठी सरासरीत विचलनाची तिपटीहून जास्त भर घालतात, म्हणजे विचलनातली चूकही तितक्याच पटीने उत्तरात उतरते. बरं, तो गुणकसुद्धा धड नाही. ३.१४ घेतलास. अरे, तो अमर्याद लांब नोंदींचा! तीस वर्षांच्या नोंदींना ३.६५ लागतो, पुस्तकामागच्या तक्त्यात आहे. म्हणजे दोन्हीकडून पूर लहान केलास. एक्सेलने उत्तर दिलं आणि तू दशांशानंतरचे दोन आकडेसुद्धा उतरवलेस. वा!

आणि निष्कर्षात लिहिलंस, ‘शतवार्षिक पूर येऊन गेल्याने पूल पुढील ९९ वर्षे सुरक्षित.’ ज्याला तक्त्यातून हाकललंस त्याच्याच भरवशावर? नदी काय पंचांग बघून येते का रे? दरवर्षी शक्यता एक टक्का, काल पूर आला म्हणून ती उद्या कमी होत नाही. न येण्याची शक्यता ०.९९. तिचा पन्नासावा घात काढ, ०.६०५ येतो. म्हणजे पन्नास वर्षांच्या आयुष्यात पुलावर असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ चाळीस टक्के. हे कंत्राटदाराला सांगशील की ‘सुरक्षित’ म्हणून सही ठोकशील?

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. ही तीस वर्षं एकाच नदीची आहेत का, हा प्रश्न तुला पडलाच नाही. वर सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर, खाली पवनीजवळ गोसीखुर्द. त्याची कोनशिला १९८८ ची, पाणी अडलं फार नंतर. धरणाचा फुगवटा मागे सरकला की कारध्याच्या पातळीत नुसता पाऊस नसतो. वरून किती सोडायचं आणि खाली दरवाजे कधी उचलायचे, हे माणसं ठरवतात. तो निर्णय तुझ्या सूत्रात कुठल्या अक्षराने लिहिलास? धरणाआधीची आणि नंतरची वर्षं एकाच पोत्यात कोंबलीस आणि वर ‘स्टोकॅस्टिक मॉडेल’ असं झोकदार नाव दिलंस.

सोमवारी नवीन अहवाल हवा. २०२० धरून एक उत्तर, वगळून एक, दोन्ही शेजारी शेजारी. प्रत्येकापुढे कॉन्फिडन्स इंटरव्हल. धरणाआधीची वर्षं वेगळी काढ. आणि ते ९९ आत्ता इथेच, माझ्यासमोर खोड.