दिवा कोणी द्यायचा?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चार-पाच पालक चर्चच्या ओसरीत आमची वाट पाहत थांबले होते. मुलांच्या शाळेतून आलेली एक चिठ्ठी त्यांच्या हातात होती. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी दर शनिवारी आपला मोबाईल शाळेत आणावा, वर्गात अभ्यासाचे साधन म्हणून त्याचा उपयोग केला जाईल, असा तिचा आशय होता. एक गृहस्थ हसून म्हणाले, "फादर, कालपर्यंत दप्तरात फोन सापडला की पालकांना बोलावणे यायचे. आता न सापडल्यास येणार!" दुसरे हसले नाहीत. फोन हप्त्यावर घ्यावा की मुलाला शनिवारी घरी ठेवावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. ते ठेकेदाराकडे काम करतात.

त्यांना उत्तर देण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. कारण जी चूक ती शाळा करू पाहत होती, ती आम्ही आधीच करून बसलो होतो. दोन वर्षांपूर्वी उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांचे लक्ष लागावे म्हणून आम्ही फोनवरची प्रश्नमंजूषा आणली. मुले खूश झाली, आम्हीही झालो. ज्यांच्याजवळ फोन नसेल त्यांनी शेजाऱ्याच्या फोनमध्ये पाहावे, असे आम्ही मोठ्या उदारपणे जाहीर केले. सातवीतली एक मुलगी, जिला निम्म्याहून अधिक उत्तरे तोंडपाठ असत, ती खिडकीशी बसून राहिली. पुढचे तीन रविवार ती आलीच नाही. घरी गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "फोन तं हिच्या बाबासंग ट्रकवर जाते, फादर. पोरीले दुसऱ्याच्या फोनात डोकवाची लाज वाटते." आम्ही त्या मुलीला वर्गाबाहेर काढले नव्हते. तिला फक्त शेजाऱ्याकडे पाहायला सांगितले होते. पण एवढ्यानेही मूल वर्गाबाहेर जाऊ शकते, हे पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांला कळले नव्हते.

माजरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचे हे जंक्शन. येथून एक फाटा वर्धा नदी ओलांडून वणीकडे जातो. भोवताली कोळशाच्या खाणी आणि खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्स आली, आणि तेलंगणापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसे येथे येऊन राहिली. एकाच बाकावर घरी तेलुगू बोलणारे, हिंदी बोलणारे आणि वऱ्हाडी बोलणारे मूल बसते. खरा भेद मात्र भाषेचा नाही. एकाचे वडील खाणीत कायम नोकरीवर असतात. त्यांचे वेतन राष्ट्रीय करारानुसार ठरते. दुसऱ्याचे वडील तोच कोळसा ठेकेदाराच्या ट्रकमधून वाहून नेतात. गणवेश हा भेद झाकतो. गणवेशाचा तो हेतूच आहे. बाकावर ठेवलेला फोन तो उघडा करतो.

यावर कोणी म्हणेल की पाटीही घरूनच आणावी लागत असे, आणि गरिबाला पाटीही जडच जात होती. हे खरे आहे. पण श्रीमंताच्या पाटीवर गणित अधिक लवकर सुटत नसे. शिवाय पाटी ही मुलाची असे. फोन हा बहुतेक घरांत घराचा असतो. बापाला कामावर बोलावणे येते ते त्यावर, पैसे येतात-जातात ते त्यावर, गावाकडच्या आजारी म्हातारीची खबर येते तीही त्यावरच. 'आपला फोन आणा' असे जेव्हा शाळा सांगते, तेव्हा ती विद्यार्थ्याची वस्तू मागत नाही. एका कुटुंबाचा दिवसभराचा आधार मागते. आणि घरात फोन असला तरी तो कोणाच्या हाती पडतो? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीने २०२३ मध्ये ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची माहिती घेतली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. खिडकीशी बसलेली ती मुलगीच का होती, मुलगा का नव्हता, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

२०२० साल आपण कोणीच विसरलेलो नाही. शाळांना कुलपे लागली आणि शाळा फोनमध्ये गेली. फोन नसलेल्या मुलांसाठी सोलापूरच्या नीलमनगरातील शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, कारण दूरदर्शन संच तरी पुष्कळ घरांत होता. कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीने नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून घेतली आणि भर पावसात तेथे बसून पशुवैद्यकाचा अभ्यास केला. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले, ते योग्यच. पण एका मुलीला शिकण्यासाठी डोंगर चढावा लागला, याचा संकोच कोणाला वाटला असल्यास तो छापून आलेला आमच्या पाहण्यात नाही. शेजारच्या गडचिरोलीत तर नक्षलवाद्यांनी मोबाईलचे मनोरे जाळल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. तेथे डोंगर चढूनही काय मिळणार? त्याच काळात देशातील कुटुंबांनी मात्र पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचे प्रमाण 'असर'च्या नोंदीप्रमाणे २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ झाले. ही वाढ कर्जातून किती आणि मिळकतीतून किती, हे कोणी मोजले नाही. आम्ही कॉलनीबाहेरच्या वस्तीत जे पाहिले ते बहुतांशी कर्ज होते.

इतके लिहून आम्ही फोनच्या विरुद्ध बाजूस जाऊन बसलो, असे वाचकांनी समजू नये. यंत्राला शिव्याशाप देणारी प्रवचने आम्ही तरुणपणी पुष्कळ ऐकली. ज्यांनी ती केली त्यांच्याच टेबलावर पुढे ती यंत्रे आली. आणि फोनने काय साधते तेही आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

येथून जवळच्या एका शाळेत विज्ञानाचे एक शिक्षक आहेत. त्यांनी एकदा आम्हांला वर्गावर बोलावले. तीस मुले आणि पाच फोन. त्यांतला एक गुरुजींचा स्वतःचा. सहा-सहा मुलांच्या गटामध्ये एकेक फोन बाकावर सपाट ठेवलेला. फोनमध्ये हालचाल मोजणारा एक बारीक भाग असतो. फोन आडवा केला की चित्र आडवे होते ते त्यामुळे. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने केलेल्या 'फायफॉक्स' नावाच्या विनामूल्य ॲपने त्या भागाचे मोजमाप पडद्यावर रेषेच्या रूपाने दिसते. दुपारी खुल्या खाणीत ब्लास्टिंग होते, हे माजरीच्या मुलांना जन्मापासून ठाऊक आहे. भांडी खणखणतात, भिंतीला तडा जातो, आई 'झालं' म्हणते आणि कामाला लागते. त्या दिवशी मुले श्वास रोखून पडद्याकडे पाहत होती. स्फोट झाला. सरळ चाललेली रेषा थरारली, वरखाली झाली आणि पुन्हा शांत झाली. वर्गात क्षणभर आवाज नव्हता. मग एका मुलाने विचारले, "सर, आधी रेघ हालली का आधी आवाज आला?" त्यावर जो वाद झाला तो तास संपला तरी मिटला नाही. दगडातून हादरा वेगाने येतो आणि हवेतून आवाज मागाहून येतो, इथपर्यंत ती मुले आपली आपण पोहोचली. एका मुलीने तडा गेलेल्या घराचे अंतर पावलांनी मोजून आणायचे ठरवले.

सेमिनरीत असताना आम्हांला संत ऑगस्टीनचा 'गुरू' या विषयावरचा संवाद अभ्यासाला होता. सुमारे ३८९ साली, आपला मुलगा आदेओदातुस याच्याशी झालेल्या बोलण्यावरून त्याने तो लिहिला. शब्द ही केवळ खूण आहे, आणि खुणेने कोणी शिकत नाही; खूण ज्या वस्तूकडे बोट दाखवते ती वस्तू पाहिली, अंतरात पटली, तरच मनुष्य शिकतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. तेव्हा हा संवाद आम्हांला रुक्ष वाटला होता. त्या दुपारी तो पहिल्यांदा नीट कळला. पडद्यावरची रेषा ही खूणच होती. पण तिने मुलांना खिडकीबाहेर, स्वतःच्या घराच्या भिंतीकडे पाहायला लावले. याउलट शिक्षक व्हिडिओ लावून देतात आणि मुले तो पाहून पुढचा उघडतात, तेव्हा खुणेमागून खूण येते आणि वस्तू कधीच येत नाही. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले ते काळेपांढरे क्यूआर चौकोन घ्या. माढा तालुक्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला अशी जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कल्पना उत्तम आहे. पण त्या चौकोनापलीकडून मूल परत पुस्तकाकडे आणि पुस्तकातून जगाकडे येते की नाही, हे चौकोन ठरवत नाही. शेजारी उभा असलेला शिक्षक ठरवतो.

शिवाय फोन पाटीसारखा मुका नाही. पाटी मुलाची वाट पाहत पडून राहते. फोन मुलाला हाक मारतो. त्याच्या आत अनेक दुकानदार बसलेले आहेत, आणि मुलाचे लक्ष हाच त्यांचा माल आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये शिक्षणातील तंत्रज्ञानावर जो अहवाल काढला, त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: हे साधन कोणाच्या अटींवर? प्रश्न नेमका आहे. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगलीतील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच आणि फोन बंद ठेवण्याची रीत सुरू झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये संपूर्ण बंदी नाकारली, पण वर्गात फोन वापरू नये आणि शक्य तेथे शाळेने तो जमा करून ठेवावा असे सुचवले. आम्हांला वडगावचा भोंगा सर्वांत आवडला. तो मुलांइतकाच आईबापांसाठीही वाजतो.

येथे खाणीकडूनच शिकण्यासारखे काही आहे. भूमिगत कोळसा खाणीत मोबाईल नेता येत नाही. फोन वाईट म्हणून नव्हे; खालच्या हवेत मिथेन असू शकतो आणि एक ठिणगी पुरेशी होते म्हणून. जी वस्तू वर निरुपद्रवी, ती त्या हवेत घातक. वर्गाचीही एक हवा असते. कंटाळलेल्या, शिक्षक नसलेल्या, साठ मुलांच्या वर्गात पडलेला फोन आणि त्या विज्ञान गुरुजींच्या बाकावरचा फोन या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत.

पण त्याच खाणीच्या तोंडाशी दुसरी एक गोष्ट असते, आणि ओसरीतल्या पालकांना उत्तर शोधताना आम्हांला ती आठवली. खाली उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराला टोपीवर लावायचा दिवा दिला जातो. तो दिवा त्याने घरून आणायचा नसतो. अंधारात काम करवून घेणाऱ्यानेच उजेड द्यायचा, हा नियम आहे. दिव्यावर क्रमांक असतो, देता-घेताना नोंद होते, पाळी संपली की दिवा परत जातो. कोणाचा दिवा आला नाही हे पाहिले की कोण अजून खाली आहे ते कळते. तेथे साहेबाच्या ओळखीच्या माणसाला मोठा दिवा आणि ठेकेदाराच्या माणसाला पणती असे नसते. निदान नसावे.

हे आम्ही त्या पालकांना सांगितले आणि मुख्याध्यापकांकडेही बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. शासन फोन देत नाही, अनुदान अपुरे आहे, हे त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. चिठ्ठी त्यांनी मागे घेतली नाही, परंतु 'ज्यांना शक्य असेल त्यांनी' असे शब्द तीत घातले. आम्हांला ते शब्द पुरेसे वाटत नाहीत. 'शेजाऱ्याच्या फोनमध्ये पाहा' हे आमचे शब्दही त्याच जातीचे होते.

आमच्या वर्गापुरते मात्र आमच्या हाती होते. आम्ही मिस्सानंतर आवाहन केले: घरी जुना, पडून असलेला फोन असेल तर द्यावा. सात आले, त्यांतले चार चालू निघाले. एकाची काच तडकलेली आहे, एकाची बॅटरी अर्ध्या तासात संपते. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातला आहे. ते कपाटात असतात. गरज असेल त्या रविवारी निघतात, एकेक गटामध्ये एकेक. घरचा फोन आणायला आम्ही मनाई केली, तेव्हा दोन-तीन पालक नाराज झाले. आमचा फोन चांगला आहे, या डबड्यांवर मुलांनी का शिकायचे, असे त्यांचे म्हणणे. त्यांची नाराजी अजून गेलेली नाही.

खिडकीशी बसणारी ती मुलगी आता नववीत आहे. बोलावल्यावर ती लगेच आली नाही. पावसाळा संपत आला तेव्हा आली. फोन देण्या-घेण्याची वही तिच्याकडे आहे. परवा क्रमांक तीन परत आला नाही, तर ती सायकलवरून रेल्वे फाटकापलीकडे जाऊन घेऊन आली, आणि उशिराबद्दल त्या मुलाच्या नावापुढे वहीत फुली मारली. तो मुलगा आमच्या पॅरिश समितीच्या एका सदस्यांचा आहे. ती फुली खोडावी काय, असे त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, वही तिच्याकडे आहे, तिला विचारा.