वकिलाची शंका

घर घेऊ पाहणाऱ्या मनुष्याभोवती जमणाऱ्या मंडळींपैकी दलालास सौदा व्हावा असे वाटते, विकणाऱ्यास पैसे हवे असतात आणि बँकेस कर्ज द्यावयाचे असते. खरेदीखताचे कागद पाहणारा वकील तेवढा असा, की सौदा मोडला तरी ज्याची फी बुडत नाही. म्हणूनच त्याच्या शंकेस किंमत आहे.

दस्त नोंदला म्हणजे मालकी शाबीत झाली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी याचा निवाडा तो करीत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने दोष उघड करण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले खरे. परंतु साध्या चौकशीने जे कळले असते, ते खरेदीदारास ठाऊकच होते असेही तो कायदा धरतो. अज्ञानाची सबब तेथे चालत नाही.

आता मीरा-भाईंदरची गोष्ट घ्या. समुद्राचे पाणी अडविण्यासाठी बांध राखावे, या हेतूने सरकारने १८७० साली येथील जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांस ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. त्या पट्ट्याच्या आधारे पुढे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीने हक्क सांगितला आणि तिच्या ना-हरकतीचा प्रश्न शेकडो इमारतींपुढे उभा राहिला. वकील मात्र रिवाजाने ३० वर्षांचे दप्तर तपासतो. तेवढे पाहून ‘मालकी निर्वेध’ असा दाखला देणारा खोटे बोलला असे म्हणवत नाही. पण १८७० ची हकीकत ठाऊक असून, कोणी विचारली नाही म्हणून त्याने गप्प राहावे काय?

कोणी म्हणतील, सारे गाव त्याच जमिनीवर सुखाने नांदत आहे. एका गरजू कुटुंबास उगाच का घाबरवावे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. भय घालणे हाही एक प्रकारचा असत्यवादच होय, आणि पांडित्य मिरविण्यासाठी तो करणारे वकील आहेत. तथापि धोका पत्करावा की नाही, हे आयुष्याची पुंजी ओतणाऱ्याने ठरवावयाचे. त्याच्या वतीने मौन धरून वकिलाने नव्हे. बिल्डरच्या वकिलाचा दाखला आपलाच मानून हा खर्च वाचविणाऱ्यांस तर हा प्रश्नच पडत नाही!

आमच्या मते दाखल्याखाली वकिलाने एवढे लिहावे: सातबाऱ्यावर इतर हक्कांत कोणाचे नाव आहे, ते जुन्या पट्ट्यातून आले आहे काय, आणि ना-हरकत घ्यावी लागल्यास तिचा खर्च कोणी सोसावयाचा हे करारात नमूद आहे की नाही.