बोलायला जागा

ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली आणि हर्णैच्या बोटी बाहेर पडल्या. एका तरुण तांडेलाने केबिनमध्ये २५ वॅटचा नवा वायरलेस बसवला होता. चुलतभावाची बोट जेमतेम अर्ध्या मैलावर असायची, तरी दोघांच्या गप्पा रात्रभर चॅनल १६ वर, पूर्ण जोरावर चालायच्या.

मामांनी त्याला समजावलं होतं. "१६ नंबर हाक मारायला आणि संकटाला. भाऊ सापडला की दोघांनी ७२ वर जायचं. पॉवरही १ वॅटवर आण. लिलावात ओरडावं लागतं, पण शेजारी बसून जाळं शिवताना कोण ओरडतं? तू हळू बोललास तर लांबवर दुसरे दोघे त्याच ७२ वर बोलतील. त्यांना तुमचा त्रास नाही, तुम्हाला त्यांचा नाही."

"मामा, एवढा मोठा दर्या आहे!" तो म्हणाला.

दर्या मोठाच आहे, पण चॅनल मोजकेच. आणि या सेटचा स्वभाव असा, की एकाच चॅनलवर दोन आवाज आले तर जोरकस तेवढा ऐकू येतो, क्षीण पुरता बुजतो. शिवाय बटण दाबून बोलणाऱ्याला त्या वेळी काहीच ऐकू येत नाही.

एका रात्री दूरवर एका बोटीचं इंजिन बंद पडलं. तळातून पाणी आत येत होतं, बॅटरी उतरलेली. तिचा म्हातारा तांडेल १६ वर हाका मारत राहिला. पहाटे गप्पा थांबल्या, तेव्हा कुठे त्याचा एक तुटका शब्द तरुणाच्या कानी पडला. त्याने तशीच बोट वळवली.

पोचला तेव्हा खलाशी बादल्यांनी पाणी उपसत होते. दोर बांधताना म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"तुझं सगळं ऐकलं, पोरा. पोरीचं बारसं, डिझेलचा भाव, सगळं. मला बोलायला जागा मिळाली नाही."

तरुण काही बोलला नाही. बंदरापर्यंत त्याने ती बोट ओढत आणली.

पुढच्या रात्री त्याने १६ वर भावाला एकदाच हाक दिली, "७२ वर ये," आणि पॉवर १ वॅटवर आणली. चार वाक्यांत बोलणं उरकून तो पुन्हा १६ वर आला. केबिनमधला आवाज थांबलेला पाहून खलाश्याने आत डोकावलं.

"सेट बंद पडला का, तांडेल?"

"चालू आहे," तो म्हणाला. "ऐकतोय."