मीटर कमी, पुण्य किती?

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य सगळ्या दोषांवर पांघरूण घालतं: ‘गाडी फिरलेलीच नाही हो!’ रंग उडालेला चालतो. मॉडेल बंद पडलेलं चालतं. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे खेटे घालावे लागले तरी चालतात. मीटरवरचा आकडा मात्र लहान हवा. ‘सिंगल ओनर, जेन्युइन रनिंग, डॉक्टरांची गाडी’ ही तर त्या बाजाराची त्रिसूत्री. डॉक्टर म्हणजे गाडी कमी चालवणारा आणि ऑइल वेळेवर बदलणारा सज्जन, अशी दलालांची श्रद्धा आहे आणि वसई-विरारही तिला अपवाद नाही.

वरवर हा साधा व्यवहार वाटतो. पण गाडी केली कशासाठी? फिरण्यासाठी. मग न फिरल्याबद्दल तिचा भाव का वाढावा? वस्तू भोगावी, राखावी की सोडून द्यावी, हा धर्मविचारातला जुनाच वाद इथे मीटरच्या काचेआडून डोकावतो.

या वेडाचं सगळ्यात ठळक रूप अमेरिकेत दिसतं. तिकडच्या लांबलचक स्टेशन वॅगन मुळात रेल्वे स्टेशनावर उतरलेली माणसं आणि त्यांच्या ट्रंका घरी पोचवण्यासाठी जन्मल्या. सुरुवातीला त्यांचा मागचा सांगाडा खऱ्या लाकडाचा असे. पुढे पत्रा आला आणि लाकडाची फक्त नक्षी उरली. पोरंबाळं, कुत्री, तंबू, सायकली असं सगळं कोंबून या गाड्या देशभर हिंडल्या आणि झिजून भंगारात गेल्या. १९८०च्या दशकात मिनीव्हॅन आली, तशी वॅगनची सद्दी संपली. ब्यूक रोडमास्टर आणि शेवरोले कॅप्रिस या धिप्पाड वॅगन १९९६मध्ये बंद झाल्या. जी जात राबण्यासाठीच जन्मली, तिच्यातली एखादी न राबता उरली तर ती दुर्मीळ ठरणारच. म्हाताऱ्या मालकाच्या गॅरेजमध्ये पडून राहिलेली, कमी मैलांची वॅगन पाहून तिकडचे शौकीन म्हणूनच हरखतात.

महाराष्ट्राला हा प्रकार अगदीच परका नाही. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जुळल्या, मग फिएट आली आणि त्या फिएटचीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १९९२मध्ये टेल्कोने पुण्याहून ‘टाटा इस्टेट’ आणली. पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली, डिझेलवर चालणारी ही अस्सल देशी स्टेशन वॅगन. तीही बहुतेकांनी सामान वाहून वाहून संपवली.

वसई-विरारमध्ये कमी फिरलेल्या गाड्या सापडतात, त्याचं श्रेय पश्चिम रेल्वेला द्यायला हवं. विजेची लोकल १९३६मध्ये विरारपर्यंत आली आणि इथल्या माणसाचं आयुष्य त्या वेळापत्रकाला बांधलं गेलं. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे ६० किलोमीटर. जाऊन-येऊन १२०. वर्षाला २८० दिवस धरले, तर तीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस दहा लाख किलोमीटर कापतो, तेही बहुतेक उभ्यानं. त्याची पद्मिनी तोवर बिल्डिंगखाली कव्हर पांघरून उभी असते. ती निघते रविवारी निर्मळच्या किंवा गासच्या चर्चमध्ये मिस्साला, जीवदानीच्या पायथ्याशी, कधी अर्नाळ्याला, कधी लग्नाला. दसऱ्याला तिला आंघोळ, झेंडूची माळ आणि बॉनेटवर हळदीकुंकू. आरशाला कुठे रोझरी, कुठे देवीचा फोटो. बंपरला मात्र लिंबू-मिरची. गाडीचं रनिंग नाममात्र आणि मालकाचं अफाट, असा हा हिशेब.

आता अशी गाडी मिस्त्रीच्या ताब्यात द्यावी. मुरलेला मिस्त्री मीटरकडे आधी बघतच नाही. मीटर मागे फिरवता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि जुन्या पाचआकडी मीटरचा आकडा ९९,९९९नंतर आपोआपच शून्यावर येत असे. तो बघतो क्लचच्या पेडलचं रबर. तीस हजार किलोमीटरच्या गाडीचं रबर गुळगुळीत असेल, तर कुणीतरी खोटं बोलतंय. मग ड्रायव्हरची सीट किती बसलीय, दाराच्या बिजागऱ्या किती ढिल्या झाल्यात, टायरवरच्या चार आकड्यांतून कितव्या वर्षाचा कितवा आठवडा निघतो, हे तपासतो. शेवटी पायाखालचं मॅटिंग उचलतो. तिथे पत्रा खाल्लेला असला की सौदा तिथेच फिसकटतो.

कारण न फिरल्यानं गाडी वाचते, हा गैरसमज आहे. उभ्या गाडीत रबराची सिलं वाळतात, टाकीत पेट्रोलचा गाळ धरतो, कार्बोरेटरची जेट तुंबते, ब्रेकचे सिलिंडर अडकतात, बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. त्यात वसईला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरं. खारा वारा काही कव्हर बघून थांबत नाही. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा सखल भागातल्या पार्किंगमध्येही पाणी चढलं. एक किलोमीटर न चालता गाड्या बुडाल्या.

म्हणजे ‘न वापरणं’ आणि ‘राखणं’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. धर्मविचारातही नेमका इथेच गोंधळ होतो. भोग टाळला म्हणजे संयम साधला, असं सहज वाटतं. पण टाळण्यामागे भीती असू शकते, लोभ असू शकतो, नुसता आळसही असू शकतो. मत्तयच्या शुभवर्तमानात धन्यानं सोपवलेलं नाणं जमिनीत पुरून ठेवणारा चाकर आहे. त्यानं चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. नाणं जसंच्या तसं परत केलं. तरी धनी त्याच्यावरच संतापला. मीटरच्या भाषेत त्या चाकराचं रनिंग शून्य होतं.

एकनाथांच्या कथेत हाच प्रश्न महाराष्ट्राच्या ओळखीच्या वाटेनं येतो. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहायची, म्हणून सगळी वाट जपायची. वाटेत वाळवंटात गाढव तहानेनं तडफडताना दिसलं आणि नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. सोबतच्यांना वाटलं, पुण्य सांडलं. कथेतला बारकावा असा, की पाणी तोवर कुणीतरी जिवापाड जपलं होतं म्हणूनच ते गाढवाच्या कामी आलं. वाटेतच कुणी हातपाय धुवायला वापरून टाकलं असतं, तर कथाच घडली नसती. राखणं चुकीचं नव्हतं. कशासाठी राखलं, ते वेळेवर ओळखणं महत्त्वाचं होतं.

इथे वसईकरांना लांब जायची गरज नाही. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. आत दगडी करंडा निघाला. त्यात तांब्याचा, त्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, पुढे दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडा. एवढ्या बंदोबस्तात ठेवलं होतं काय? मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. हे बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे मानले गेले आणि करंड्यांसह ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

बाजाराच्या नियमाप्रमाणे या पात्राची किंमत शून्य व्हायला हवी. मातीचं, फुटकं, आणि ‘रनिंग’ विचाराल तर दारोदार. पण इथे मोल आलं ते वापरातूनच. कोरं भिक्षापात्र कुणी सोन्यात ठेवलं नसतं. कमी फिरलेल्या वॅगनचा चाहता कोरेपण पुजतो, सोपाऱ्याच्या भक्तांनी झीज पुजली. जपणूक मात्र दोघांनी सारख्याच हातानं केली, हेही नाकारता येत नाही.

याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६मध्ये भुईगावला नवव्याचा. दोन्ही लेखांचा विषय जणू या गाडीमालकांसाठीच निवडलेला. आठव्यात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेच्या आणि शिकारीच्या यात्रा काढत. आपण राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधिवृक्षापाशी गेलो आणि तेव्हापासून यात्रेचं रूप पालटलं: श्रमण-ब्राह्मणांची भेट, दानधर्म, वृद्धांची विचारपूस, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलणं. अशोकानं फिरणं थांबवलं नाही, कमीही केलं असं म्हणत नाही. फिरण्याचं कारण बदललं. नवव्या लेखात आजारपण, लग्न, बाळंतपण आणि प्रवासाच्या वेळी लोक जे नाना मंगलविधी करतात, त्यांचं फळ तो अल्प ठरवतो; नोकरचाकरांशी नीट वागणं, थोरांचा मान, प्राणिमात्रांबाबत संयम, दान हे खरं मंगल म्हणतो. करू नका, असं मात्र तो म्हणत नाही. बंपरवरच्या लिंबू-मिरचीला त्यामुळे अजून तरी धोका नाही.

या तराजूत तोललं तर कमी फिरलेल्या जुन्या गाडीचे दोन प्रकार पडतात. एक, नुसती पडून राहिलेली. तिचा लहान आकडा म्हणजे योगायोग. दुसरी, दर रविवारी निघणारी, जिचं ऑइल फिरतं, ब्रेक लागतात, आजीला चर्चपर्यंत नेऊन आणते आणि शेजाऱ्याला रात्री दवाखान्यात पोचवते. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातला विचार या दुसऱ्या गाडीला चपखल बसतो. गिऱ्हाईक जो लहान आकडा पाहून पैसे मोजतं, तो खरं तर मालकाच्या शिस्तीचा दाखला असतो, आणि तो दाखला मीटरपेक्षा पेडलच्या रबरावर आणि मॅटिंगखालच्या पत्र्यावर जास्त विश्वासानं वाचता येतो.

कायद्याचा हिशेब मात्र तिसराच. तो किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतो. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ सरताना ती रस्त्यावरून उतरली. तिनं किती जणांना पोचवलं, हे कुणी विचारलं नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची; पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची.

२०२१मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांची, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. गाडी म्हणजे नेमकं काय, हाही जुनाच प्रश्न. मिलिंद राजाला नागसेन भिक्खूनं विचारलं होतं, की आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का; आणि राजाला एकाही भागात रथ सापडला नव्हता. परिवहन खात्यानं चॅसी, बॉडी, इंजिन अशी यादी करून तो वाद आपल्यापुरता मिटवला. त्याच नियमात पुढे अट आहे: प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं यांसाठी ही गाडी रस्त्यावर आणता येईल, नियमित वापरासाठी नाही.

पद्मिनी हे नाव लावून आलेल्या पहिल्यावहिल्या, १९७४च्या गाड्या आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. एमएच-४८च्या, म्हणजे वसई-विरारच्या, हद्दीत अशी एखादी गाडी धडधाकट असेल, तर तिच्या मालकापुढे दोन वाटा आहेत. ‘व्हीए’ची पाटी घेतली की मान मिळेल, भाव चढेल आणि स्टेशनला सोडायला जाणं बंद. साधी नोंदणी वाढवत राहिलं तर दर पाच वर्षांनी तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, पण रविवारी सकाळी निर्मळला जाताना कुणाची परवानगी लागणार नाही. घरातली तरुण मंडळी बहुधा पहिली वाट सुचवतील. आजीला विचारलं, तर ती आधी विचारेल, मिस्साला मग रिक्षानं जायचं का?