सही, अंगठा, खूण

भारतीय रिझर्व्ह बँकेने ग्राहकसेवेबद्दल बँकांना ज्या सूचना दिल्या आहेत, त्यांत एका ठिकाणी पायाच्या अंगठ्याचा उल्लेख येतो. म्हातारा किंवा आजारी खातेदार सही करू शकत नसेल तर त्याच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा. बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांनी तो याच माणसाचा असल्याचं सांगावं, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा. ठसाही देता येत नसेल तर नुसती खूण चालेल. आणि ज्याने दोन्ही हात गमावलेत त्याच्याबद्दल तर असं म्हटलंय की खूण दुसऱ्या कोणीही केली तरी चालेल, फक्त ज्या वस्तूने ती करायची त्या वस्तूला त्या माणसाच्या शरीराचा स्पर्श झालेला असला पाहिजे.

हे मी वाचलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. आत्याचं बंद पडलेलं खातं कसं सुरू करायचं ते शोधत होतो. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. म्हणजे पेन आधी त्या माणसाच्या खांद्याला लावायचं, मग दुसऱ्याने त्याच पेनने कागदावर फुली मारायची. आणि ती फुली दुसऱ्याची नाही, खातेदाराची. कुठल्या तरी टेबलाशी बसून कोणीतरी विचार केला होता की माणसाकडे अजून काय काय नसू शकेल? सही नसेल. हात नसेल. बोटं नसतील. आणि दर पायरीवर उत्तर एकच होतं, की तरी पैसे त्याचेच आहेत, ते त्याला मिळाले पाहिजेत.

माझं काम याच्या नेमकं जवळचं आहे. लॉगिन, ओटीपी, पासवर्ड विसरलात का, या सगळ्याच्या मागचा कोड मी लिहितो. आमच्याकडे अशा माणसाला ‘एज केस’ म्हणतात. एज केस नंतर बघू, असंही म्हणतात.

आत्या ७४ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात तिला अजून सगळे ‘बाई’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा झाला. उजवा हात गेला, चेहऱ्याची उजवी बाजू ओढली गेली, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येत नाहीत. सगळ्यात आधी परत आला तो ‘नाही’ हा शब्द. बाबा म्हणतात, ताईचं पहिल्यापासून तसंच आहे.

बँकेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण यातली प्रत्येक पायरी तुमच्या घरातही कोणी ना कोणी चढलेलं असणार. केवायसीची मुदत संपली. कमी जोखमीच्या खातेदाराने दहा वर्षांतून एकदा ती माहिती ताजी करून द्यायची असते. ती वेळ नेमकी लकव्यानंतर आली. खात्यावर रोख लागली, म्हणजे पेन्शन आत येत होती, बाहेर काही येत नव्हतं. शाखेत सांगितलं, सोपं आहे, ‘माझ्या माहितीत काहीही बदल झालेला नाही’ असं लिहून द्या आणि खाली सही करा. सही जुळली नाही. मग बोटांचे ठसे. उजव्या हाताची मूठ उघडत नाही, डाव्या हाताच्या बोटांवरच्या रेषा वयाने पुसट झाल्यात, यंत्र तीन वेळा लाल झालं. मग व्हिडिओ केवायसी. स्क्रीनवरचा आकडा वाचा, डोळ्यांची उघडझाप करा. आकडा तिला दिसत होता. डावा डोळा मिटत होता. कॉल आपोआप कट झाला. सत्तरीच्या वरच्यांना आणि अपंगांना घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७च्या नोव्हेंबरमध्येच सांगितलेलं आहे. शाखेत म्हणाले, माणूस कमी आहे.

एक लक्षात घ्या, शाखेत कोणालाही ती कोण आहे याबद्दल शंका नव्हती. कॅशियर तिला कित्येक वर्षं ओळखतो. त्याने खुर्ची दिली, पाणी आणून दिलं, ‘बाई, तब्येत कशी आहे’ म्हणून विचारलं. आणि मग सांगितलं, सिस्टीम घेत नाहीये.

मराठीत ‘ओळख’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. मी कोण आहे ती माझी ओळख, आणि तुमची-माझी आहे तीही ओळख. मला वाटतं हे केवळ शब्दांच्या तुटवड्यामुळे झालेलं नाही. पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर अर्जावर एका जुन्या खातेदाराची सही लागायची. तो ‘ओळख देणारा’. म्हणजे पहिली ओळख दुसरीतून सिद्ध व्हायची.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे, की काळ उलटल्यावर माणूस ‘तोच’ आहे हे कशावरून ठरवायचं? शरीरावरून, असं एक उत्तर. जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या शेवटी दुसरं उत्तर दिलं. शरीर बदलतं, आठवण आणि जाणीव यांचा धागा चालू असतो, म्हणून माणूस तोच. गंमत म्हणजे बँकेच्या काउंटरवर ही दोन्ही उत्तरं रोज वापरली जातात. बोटाचा ठसा, चेहरा, डोळे मिटणं हे झालं शरीर. पिन, पासवर्ड, ‘तुमच्या आईचं माहेरचं नाव काय’, हा झाला लॉक. आत्याच्या आजाराने दोन्ही दारं एकदम लावली. शरीर जुन्या नोंदीशी जुळत नाही. आईचं माहेरचं नाव तिला पक्कं ठाऊक आहे, ते विचारल्यावर तिचे डोळे भरून येतात, पण नाव तोंडातून येत नाही. मग तिसरं उत्तर उरतं. माणूस तोच आहे हे बाकीची माणसं सांगतात. रिझर्व्ह बँकेची ती दोन साक्षीदारांची सूचना या तिसऱ्या उत्तरावर उभी आहे.

आता लगेच जुन्या काळाची आरती ओवाळायची नाही. ओळखीवर चालणारी बँक ओळखी असलेल्यांचीच असते. परगावाहून आलेला मजूर, गावकुसाबाहेरचा माणूस, यांना ओळख देणारा कोण मिळणार होता? त्या मानाने यंत्र तुमची जात विचारत नाही. आणि ओळखीच्या माणसांनीच म्हाताऱ्यांना लुबाडल्याच्या गोष्टी काय कमी आहेत? बोटांच्या ठशांचा इतिहासच बघा. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८मध्ये बंगालमध्ये राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे १८७७मध्ये हुगळीला त्याने पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण पेन्शनर मेला तरी दुसराच कोणी येऊन त्याची पेन्शन उचलत असे. तेव्हा संशय घेणं हे मूळचं पाप नाही. आज ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून कोणी आत्याला फोनवर घाबरवलं तर बँकेने संशय घ्यावा, पैसे अडवून धरावेत, असंच मला वाटेल.

प्रश्न संशयाचा खर्च कोणी द्यायचा हा आहे. ठसे जुळवणाऱ्या कुठल्याही यंत्रात एक आकडा ठरवावा लागतो, किती साम्य असलं की ‘हो’ म्हणायचं. आकडा वर नेला तर चोर कमी घुसतात आणि खरी माणसं जास्त अडतात. खाली आणला तर उलटं. दोन्ही चुका शून्यावर आणणारा आकडा नसतो. म्हणजे कोणाला अडवलेलं चालेल हा निर्णय कोणीतरी घेतलेलाच असतो, फक्त तो कोडमध्ये असल्याने निर्णयासारखा दिसत नाही. चोर घुसला तर नुकसान बँकेच्या वहीत दिसतं. आत्या अडली तर ते कुठल्याच वहीत दिसत नाही. तिच्या गोळ्या बाबांच्या पैशांतून आल्या, रिक्षाचे सहा फेरे झाले, जिने चढताना दोनदा तोल गेला. हे सगळं शून्य धरलं की कुठलीही सिस्टीम उत्तम चालते. आगीच्या वेळी वीज गेली तर इमारतीचं दार उघडं राहिलं पाहिजे, आणि तिजोरीचं बंद राहिलं पाहिजे. शंका आली की बँका खात्याला तिजोरी समजतात. ७४ वर्षांच्या माणसाचं पेन्शन खातं हे दारही असतं.

सहाव्या फेरीला एका अधिकाऱ्याने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही एवढे शिकलेले. फोनवरून करून टाका ना. बाईंच्या नंबरवर अ‍ॅप घ्या, कार्डाचा पिन टाका, ओटीपी टाका, ‘बदल नाही’वर टिक करा. संपलं.” माणूस भला होता, मदतच करत होता. आणि ते खरंच पाच मिनिटांत झालं असतं. आत्या आत्या म्हणून समोर बसली की दार बंद, मी आत्या असल्याचं सोंग घेतलं की दार उघडं. तुमच्यातल्या कित्येकांच्या फोनमध्ये आईवडिलांची बँक असेल. प्रेमानेच असेल.

घरी येऊन मी तिला विचारलं, पिन सांगतेस का? पाटीवर डाव्या हाताने चार आकडे काढायचे, एवढंच. ती म्हणाली, “नाही.”

माझ्यावर तिचा विश्वास नाही असं नव्हे. लग्नानंतर बरीच वर्षं तिचा पगार सासऱ्यांच्या हातात जायचा. ते वाईट नव्हते, मागितले की द्यायचे. मागावे लागायचे, इतकंच. हे खातं तिने काका गेल्यावर एकटीने जाऊन उघडलं होतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा त्यांना आपले आर्थिक व्यवहार स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे असं म्हणतो. आत्याने तो कायदा वाचलेला नाही. तिला तो पाठ आहे.

तेव्हा मला त्या स्पर्श झालेल्या पेनाचा अर्थ लागला, निदान मला लागला तो असा. मदत करणारा प्रत्येक जण एक तर पेन असतो, नाही तर लिहिणारा. आत्या शेजारी बसून बोटाने दाखवते आणि मी बटण दाबतो, तेव्हा मी पेन. ती आतल्या खोलीत झोपलीय आणि मी तिच्या भल्यासाठी बटण दाबतो, तेव्हा मी लिहिणारा. अ‍ॅपला दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही वेळा ओटीपी बरोबरच असतो. त्या सूचनेने मात्र फरक धरून ठेवला आहे, त्यासाठी शरीराचा स्पर्श मागितला आहे. पेन आणि लिहिणारा यांतला हा फरक पुसला गेला की म्हाताऱ्या माणसाचे पैसे सुरक्षित राहतात आणि माणूस हिशेबातून जातो.

याच प्रश्नावर आणखी लोक भांडलेत. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि इतरांच्या याचिकांवर निकाल दिला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांनी कॅमेऱ्यासमोर डोळे कसे मिटायचे, अंधांनी स्क्रीनवर चेहरा चौकटीत कसा आणायचा, असे ते प्रश्न होते. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसी सर्वांना करता यावी म्हणून वीस निर्देश दिले. निकाल छापून मी शाखेत नेला. अधिकाऱ्यांनी तो आदराने ड्रॉवरमध्ये ठेवला. काम झालं ते मात्र त्या जुन्या सूचनेमुळे, तिच्यातले दोन साक्षीदार त्यांना ओळखीचे वाटले.

एका शनिवारी दुपारी ते घरी आले. दुसरे साक्षीदार आमचे औषधदुकानदार, त्यांचं खातं त्याच शाखेत. अडचण मग आत्याकडून आली. अंगठा म्हटल्यावर तिने हात मागे घेतला. नोकरीत असताना ती संध्याकाळी प्रौढ शिक्षणाचे वर्ग घ्यायची, गावातल्या बायांचा अंगठा सुटावा म्हणून. ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवी आमच्या घरात चालत नसे, पण अंगठ्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. बाबांनी समजावलं, दुकानदारांनी समजावलं. शेवटी तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, डावा अंगठा शाईत बुडवला आणि ठसा दिला. मग पेन मागितलं.

“बाई, आता सहीची गरज नाही,” अधिकारी म्हणाले.

ती ‘नाही’ म्हणाली आणि ठशाच्या खाली डाव्या हाताने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायला लागली. वेळ लागला. काना दोनदा घसरला. आम्ही चौघेही थांबलो, चहा निवला.

सोमवारी खातं सुरू झालं. स्कॅन करताना चौकटीत अंगठा तेवढा मावला, अक्षर बाहेर राहिलं, असं अधिकाऱ्यांनीच मला नंतर सांगितलं. आत्याला ते मी अजून सांगितलेलं नाही.