दान, अनुदान आणि आखाड्यातला मारुती

गीतेच्या सतराव्या अध्यायानुसार देश, काल, पात्र पाहून आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक. व्यायामशाळेला मिळणारे सरकारी अनुदानही या तिन्ही गोष्टी पाहते. जागेचा उतारा हा देश, मार्चअखेर हा काल आणि नोंदणीकृत संस्था हे पात्र! पण ते उपयोगिता प्रमाणपत्र मागते, म्हणून काही ते राजस, म्हणजे परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले, ठरत नाही. दाता स्वतःचे देतो, सरकार लोकांचे. लोकांच्या पैशाचा हिशेब मागणे हा धर्मच. वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनीही लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या, स्वतःकडे काही ठेवले नाही.

खरा पेच मारुतीचा: देवाची मूर्ती असलेल्या आखाड्याला लोकांचा पैसा द्यावा का? वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत स्थापलेल्या संस्थेच्या नावातच हनुमान आहे. तिचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. अमरावती-अकोल्याकडच्या आखाड्यांत शेंदूर लावलेल्या मूर्तीला नमस्कार करून, कपाळाला माती लावून पोरगा जोर काढायला वाकतो. संविधानाचे २७वे कलम विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरण्याची सक्ती करू देत नाही. डंबेल्स, गाद्या, मल्लखांब हा धर्मप्रसार नव्हे. त्याच पैशातून देवळाचा सभामंडप बांधला, तर मात्र प्रश्न उरतो. नमस्कार न करणाऱ्या पोरालाही हौद्यात तितकीच जागा मिळते का, ही कसोटी कागदावर तपासता येत नाही.